सूर्यावरचे डाग, चुंबकसूची आणि दख्खनचा पाऊस

सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरील आमच्या राजेश्वरच्या पंचक्रोशीत रोहिणी नक्षत्र सरत आले की घरोघरी एकच विषय निघतो. पंचांगातील मृगाचे वाहन पाहिले जाते, बी-बियाण्याची जमवाजमव होते आणि वडीलधारी माणसे १९७२ च्या दुष्काळाची आठवण काढतात. तूर, उडीद आणि ज्वारी यांवर ज्यांचा संसार चालतो, त्या आम्हां सीमाभागातील मंडळींना यंदाचा पाऊस कसा होईल, यापेक्षा मोठा प्रश्न नाही. आकाशाकडे पाहून पुढच्या वर्षाचे भविष्य कळावे, ही इच्छा माणसाइतकीच जुनी आहे. ह्याच इच्छेपोटी एकोणिसाव्या शतकातील थोर शास्त्रज्ञांनी थेट सूर्यबिंबावरील डागांकडे दृष्टी वळविली आणि दुष्काळाचे वेळापत्रक त्या डागांत लिहिलेले असावे, अशी आशा धरली.

ती आशा कितपत खरी ठरली, त्या शोधातून हाती काय लागले आणि त्यात आपल्या मुलखातील माणसांचा व वेधशाळांचा वाटा किती मोठा होता, हे वाचकांपुढे मांडावे, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

अकरा वर्षांचा फेरा

सूर्य म्हणजे निष्कलंक तेजाचा गोळा, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्याच्या बिंबावर वेळोवेळी काळे डाग दिसतात. ते खरोखर काळे नसतात. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस, तर डागांचे तापमान त्याहून दीड-दोन हजार अंशांनी कमी. म्हणून भोवतालच्या प्रखर तेजापुढे ते काळे भासतात. मोठा डाग आपल्या पृथ्वीहूनही कितीतरी विस्तीर्ण असू शकतो.

जर्मनीतील डेसाऊ गावी हाइनरिख श्वाबे नावाचा एक औषधविक्रेता होता. बुधापेक्षाही सूर्याच्या जवळ एखादा अज्ञात ग्रह असेल, तर तो सूर्यबिंबावरून सरकताना दिसेल, ह्या आशेने त्याने १८२६ पासून, ढग नसतील त्या प्रत्येक दिवशी सूर्याचे निरीक्षण केले आणि डागांची मोजदाद ठेवली. ग्रह सापडला नाही. परंतु सतरा-अठरा वर्षांच्या नोंदी चाळताना त्याच्या ध्यानात आले की, डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या अंतराने वाढते व घटते. पुढे रूडॉल्फ वोल्फ ह्या स्विस शास्त्रज्ञाने जुन्या नोंदी धुंडाळून हा काळ सरासरी अकरा वर्षांचा असल्याचे दाखविले.

१८५२ मध्ये एडवर्ड सॅबाइन ह्या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने त्याहून आश्चर्यकारक गोष्ट जाहीर केली. कॅनडातील टोरांटो आणि टास्मानियातील होबार्ट ह्या दोन दूरच्या वेधशाळांतील चुंबकसूचीच्या नोंदी त्याने तपासल्या. सूर्यावर डाग वाढले की पृथ्वीवरील चुंबकसूची अधिक अस्वस्थ होते आणि डाग घटले की ती शांत होते, असे त्यास आढळले. पंधरा कोटी किलोमीटर अंतरावरील सूर्य आणि टेबलावरची पोलादी सुई यांचे हे नाते कसले, हे त्या वेळी कोणासच सांगता येईना.

कुलाब्याची नोंदवही

ह्या कोड्याचा एक अमोल पुरावा त्याच सुमारास मुंबईस तयार होत होता. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा येथे वेधशाळा उभारली आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जाऊ लागले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ ह्या वेधशाळेचा कारभार पाहिला होता. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले, पुढे गणिताचे प्राध्यापक व लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून कीर्ती पावलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनीही कोवळ्या वयात येथेच वेध घेण्याचे शिक्षण मिळविले.

वेध घेण्याचे हे काम विलक्षण चिकाटीचे होते. दोऱ्याने टांगलेला चुंबक किती वळला, हे दुर्बिणीतून पाहायचे, आकडा वहीत उतरवायचा आणि ठरल्या वेळी पुन्हा तेच करायचे. पावसाळ्याची मध्यरात्र असो की सणाचा दिवस, वही कोरी राहता कामा नये. ह्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामाचे मोल १८५९ साली ठरायचे होते.

त्या वर्षी १ सप्टेंबर रोजी लंडननजीक रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन हा ज्योतिर्विद सूर्याच्या डागांचे रेखाचित्र काढीत असता, एका मोठ्या डागसमूहावर त्यास दोन झगझगीत पांढरे ठिपके उमटलेले दिसले. पाचएक मिनिटांत ते विझून गेले. मुंबईत तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. त्यानंतर अठरा तास उलटण्यापूर्वीच, म्हणजे २ सप्टेंबरच्या सकाळी, कुलाब्याचा चुंबक बेभान झाला. अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. काही ठिकाणी विद्युत्‌घट काढून ठेवले तरी केवळ पृथ्वीतून वाहणाऱ्या प्रवाहावर तारा जाऊ लागल्या. एरवी ध्रुवप्रदेशांत दिसणारा रंगीत प्रकाश वेस्ट इंडीजच्या बेटांपर्यंत दिसला.

युरोपातील कित्येक वेधशाळांत छायाचित्रणाच्या कागदावर आपोआप नोंद करणारी यंत्रे होती. वादळ इतके प्रचंड की, चुंबकाची रेघ कागदाबाहेर निघून गेली आणि ऐन कळसाची नोंदच राहिली नाही. कुलाब्यास मात्र डोळ्यांनी पाहून हाताने लिहिणारी माणसे होती. त्यांनी नेहमीची वेळ सोडून दर काही मिनिटांनी आकडे टिपले. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा क्षितिजसमांतर भाग सकाळी अकराच्या सुमारास सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आला होता, म्हणजे एकूण बळाच्या सुमारे चार टक्के. हा आकडा लहान वाटेल; परंतु मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील साठ लाख लोकांस नऊ तास अंधारात ठेवणाऱ्या वादळाचे जागतिक मान सुमारे ५९० इतकेच होते. तासाची सरासरी काढल्यास कुलाब्याचा आकडाही बराच उतरतो, हे येथे सांगितले पाहिजे. तरीही ते वादळ ज्ञात वादळांतील अग्रगण्यच ठरते.

कुलाब्याच्या त्या वह्या सुमारे दीडशे वर्षे कपाटात राहिल्या. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्षसिंग लखिना व एस. ॲलेक्स यांनी त्सुरुतानी व गोंझालेझ ह्या परदेशी सहकाऱ्यांसमवेत त्यांतील आकडे जगापुढे मांडले आणि त्या ऐतिहासिक वादळाचे बळ प्रथमच अंकांत सांगता आले.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम धावणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची फसते, म्हणून कुलाब्याचे संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये समुद्रापलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी केली. लोखंडाचा अंश टाळण्यासाठी तिच्या बांधकामास पोरबंदरचा दगड मुद्दाम निवडण्यात आला. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेऊन मूस यांनी जुन्या व नव्या नोंदींचा सांधा जुळविला. १८४६ पासूनच्या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदी त्यांनी १९१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. चुंबकत्वाची इतकी दीर्घ आणि अखंड परंपरा जगात फार थोड्या ठिकाणी आढळते.

दुष्काळ आणि डाग

आता पावसाच्या प्रश्नाकडे वळू. १८७६ ते १८७८ ह्या काळात दख्खन, म्हैसूर, मद्रास आणि आमचे तेव्हाचे हैदराबाद संस्थान यांवर भीषण दुष्काळ कोसळला. मृतांचा आकडा पन्नास लाखांच्या पुढे गेल्याचे मानले जाते. त्याच वेळी सूर्यावरील डागही जवळपास नाहीसे झाले होते; १८७८ च्या अखेरीस सौरचक्राचा तळ होता. ह्या योगायोगाने विचारवंत चकित झाले. विल्यम हंटर ह्या अधिकाऱ्याने मद्रासच्या पावसाचे आकडे पुढे करून, डाग कमी त्या वर्षी पाऊस कमी, असे प्रतिपादन केले आणि नॉर्मन लॉकियर ह्या ख्यातनाम शास्त्रज्ञाने १८७७ मध्ये त्याच्या जोडीने सौरडाग व दुष्काळ ह्या विषयावर लेख लिहिला.

हे खरे असते, तर केवढा लाभ झाला असता! पुढील दुष्काळ केव्हा येणार, हे अकरा वर्षे आधी समजले असते. धान्याची कोठारे भरून ठेवता आली असती. ह्या अपेक्षेनेच १८७८ पासून डेहराडूनला दररोज सूर्याची छायाचित्रे घेण्याचा उपक्रम सुरू झाला आणि १८९९ मध्ये कोडाईकनालच्या डोंगरावर सूर्यासाठी खास वेधशाळा स्थापन झाली. आज शास्त्राचा अभिमान म्हणून मिरविली जाणारी ती वेधशाळा मुळात दुष्काळाच्या धास्तीतून जन्मली, हे आपण विसरता कामा नये.

ह्या कामात पुण्याचाही वाटा आहे. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात वेधशाळा उभारली होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ देऊन सूर्याचा वर्णपट टिपला. १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. तेथे ती आजही भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली जाते.

वॉकर यांचा निवाडा

सौरडाग आणि पाऊस यांच्या खटल्याचा निकाल लावण्याचे काम गिल्बर्ट वॉकर ह्या गणितज्ञाकडे आले. १९०४ ते १९२४ ह्या काळात ते भारतातील सर्व वेधशाळांचे महासंचालक होते. कोडाईकनालचे निरीक्षणही त्यांच्याच अखत्यारीत होते. त्यांनी निरनिराळ्या देशांतील पावसाचे आकडे डागांच्या संख्येशी गणिताने ताडून पाहिले आणि १९१५ मध्ये निष्कर्ष मांडला: संबंध इतका क्षीण आहे की, त्यावर पावसाचे भाकीत उभारता येणार नाही. ज्या खात्याने आशेने वेधशाळा बांधली, त्याच खात्याच्या प्रमुखाने ती आशा फोल असल्याचे प्रांजळपणे सांगितले, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते.

निकालाची सत्यता वाचकांनी स्वतःच पडताळावी. १८७७ चा दुष्काळ डागांच्या तळाजवळ आला, हे खरे. पण १९१८ मध्ये देशभर पावसाने दगा दिला, तेव्हा सूर्य आपल्या शिखरावरून नुकताच उतरू लागला होता. शिखर १९१७ चे होते. १९७२ चा दुष्काळ शिखर व तळ यांच्या मधोमध पडला. मराठवाडा, बीदर व कलबुर्गी यांनी २०१५ मध्ये सोसलेली टंचाई पुन्हा शिखरानंतर वर्षभराने आली. तळाशीही दुष्काळ, शिखराशीही दुष्काळ आणि मध्येही दुष्काळ! मग डागांना दोष कसा द्यावा? शिवाय, शिखर आणि तळ यांमध्ये सूर्याकडून मिळणाऱ्या एकूण उष्णतेत जेमतेम हजारात एक भागाचा फरक पडतो.

वॉकर रिकाम्या हाताने परतले नाहीत. हाच शोध घेताना पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील हवेचा दाब तागडीच्या दोन पारड्यांप्रमाणे आलटून पालटून वरखाली होतो, असे त्यांस आढळले. पुढे पॅसिफिकचे पाणी तापविणाऱ्या 'एल निनो'शी ह्या तागडीचा संबंध जोडला गेला. १८७७ आणि १९७२ ह्या दोन्ही दुष्काळांच्या वर्षी, तसेच २०१५ मध्येही पॅसिफिक असाच तापलेला होता. एल निनो आला म्हणजे दुष्काळ ठरलेलाच, असे मात्र नाही. तरीही आमच्या पावसाचा एक मोठा धागा दूरच्या महासागरात आहे, डागांत नाही, एवढे निश्चित झाले.

मग डाग म्हणजे काय?

चुंबकसूचीचे कोडे अद्याप उरलेच होते. ते १९०८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज एलरी हेल यांनी सोडविले. डागांतून येणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटरेषा दुभंगलेल्या दिसतात आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्रातच असे घडते. म्हणजे प्रत्येक डाग हा एक चुंबक आहे, तोही पृथ्वीच्या क्षेत्राहून हजारो पट बलवान. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९०९ मध्ये, जॉन एव्हरशेड यांनी कोडाईकनालला डागांच्या कडेच्या भागात वायू केंद्रापासून बाहेर वाहत असल्याचे शोधून काढले. जगभरच्या ग्रंथांत ह्यास 'एव्हरशेड परिणाम' असे नाव आहे.

डाग बहुधा जोडीने येतात: एक उत्तरध्रुवी, दुसरा दक्षिणध्रुवी. सूर्याच्या एका गोलार्धात पुढचा डाग उत्तरध्रुवी असेल, तर दुसऱ्या गोलार्धात पुढचा दक्षिणध्रुवी असतो. अकरा वर्षांनी नवा फेरा सुरू झाला की हा क्रम उलटा होतो. म्हणजे मूळ स्थितीस परत यावयास बावीस वर्षे लागतात.

हे असे का घडते? सूर्य आपल्या पृथ्वीसारखा घन नाही. तो तप्त वायूचा गोळा आहे. त्याचा विषुववृत्ताजवळचा भाग सुमारे पंचवीस दिवसांत एक फेरी करतो, तर ध्रुवाजवळच्या भागास पस्तीस दिवसांच्या आसपास लागतात. उत्तर-दक्षिण ताणलेल्या चुंबकीय रेषा ह्या असमान गतीमुळे सूर्याभोवती चातीवर सूत गुंडाळावे तशा गुंडाळल्या जातात. सूत घट्ट होते, ताण वाढतो आणि कोठे कोठे त्याचे पेड उसळून पृष्ठभागाबाहेर येतात. पेड जेथून वर निघतो व जेथे पुन्हा आत शिरतो, तेथे डागांची जोडी दिसते. हे पेड अकस्मात तुटून नव्याने जुळले की प्रचंड ऊर्जा मुक्त होते आणि विद्युद्भारित वायूचे लोट अवकाशात फेकले जातात. त्यांतील एखादा पृथ्वीवर आदळला की चुंबकसूची थरथरते. कुलाब्याच्या वहीत १८५९ साली लिहिले गेले, ते हेच.

ह्या विषयात कर्नाटकाचेही नाव घेतले पाहिजे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक अर्णब राय चौधुरी यांनी सूर्याच्या पोटातील वायुप्रवाह चुंबकत्व कसे वाहून नेतात, ह्याचे गणित मांडले. २००७ मध्ये त्यांनी पीयाली चॅटर्जी व जिए जियांग यांच्यासह, येणारे चोविसावे चक्र आधीच्यापेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी दुबळे असेल, असे भाकीत केले. त्यांच्याच एकेकाळच्या विद्यार्थिनी व अमेरिकेत काम करणाऱ्या मौसुमी दिकपती यांच्या गटाचे भाकीत नेमके उलट, म्हणजे चक्र जोरदार होईल, असे होते. एप्रिल २०१४ मध्ये शिखर आले, ते खरोखरच दुबळे होते. गुरू-शिष्यांचा हा मतभेद सूर्यानेच मिटविला.

आजचा प्रश्न

१८५९ मध्ये सूर्याच्या कोपाचा फटका बसण्याजोगी वस्तू म्हणजे केवळ तारायंत्र होती. आज विजेची जाळी, विमानांचे संदेश, उपग्रह आणि वाट दाखविणारी यंत्रे, सारेच त्याच्या आवाक्यात आले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका मध्यम वादळाने वातावरण किंचित फुगले आणि नुकतेच सोडलेले सुमारे ३८ उपग्रह खाली कोसळून जळाले. १० व ११ मे २०२४ च्या मोठ्या वादळात लडाखमधील हान्ले येथील आकाश तांबूस झाले. चालू पंचविसाव्या चक्राचे शिखर ऑक्टोबर २०२४ मध्ये नोंदले गेले.

ह्या पार्श्वभूमीवर भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे कुलाब्याच्या त्या नोंदीनंतर बरोबर १६४ वर्षांनी, 'आदित्य-एल १' हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी सोडले. ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरील आपल्या ठिकाणी पोहोचले. सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी त्यावरील दुर्बीण पुण्याच्या 'आयुका' संस्थेने घडविली, तर सूर्याच्या प्रभामंडलाचा वेध घेणारे उपकरण बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने. यानावर एक चुंबकमापकही आहे. दोऱ्याला टांगलेल्या कुलाब्याच्या चुंबकाचा तो वंशजच म्हणावा लागेल.

अलीकडे भ्रमणध्वनीवरून सौरवादळाच्या भयंकर वार्ता फिरतात आणि घरातील स्त्रिया-मुले धास्तावतात. त्यांस सांगावे की, वातावरण व पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या छत्राखाली जमिनीवरील माणसाच्या देहास ह्या वादळांपासून अपाय होत नाही. चिंता आहे ती यंत्रांची आणि ती वाहण्यास यंत्रज्ञ समर्थ आहेत. मुलांना डाग पाहावयाचे असतील, तर नुसत्या डोळ्यांनी वा दुर्बिणीतून सूर्याकडे मुळीच पाहू देऊ नये. दुर्बिणीतून पडणारे सूर्यबिंब पांढऱ्या कागदावर घेऊन तेच दाखवावे.

पावसासाठी डागांकडे पाहण्याचे कारण आता उरले नाही. परंतु ज्यांनी तशी आशा धरून दिवसामागून दिवस वह्या भरल्या, त्यांचे श्रम वाया गेले नाहीत. त्यांच्या नोंदींनीच खरे काय आणि खोटे काय, ह्याचा निवाडा केला. आमच्या सीमाभागातील जुन्या घरांतूनही पंचांगाच्या कडेला किंवा हिशेबाच्या वहीत, अमुक दिवशी पाऊस झाला, अमुक दिवशी पेरणी झाली, अशा ओळी वाडवडिलांनी लिहून ठेवलेल्या आढळतात. घर आवरताना ती कागदपत्रे रद्दीत जाऊ देऊ नयेत. लिहिणाऱ्यास ठाऊक नसते, पण वाचणारा कधी तरी येतोच.